विश्लेषण : गॅसगळतीचा भडका महाविस्फोटात कसा बदलतो? ठिणगीपेक्षा ज्योतीची वाट का महत्त्वाची?

इंधन आगारात, रसायन कारखान्यात किंवा एखाद्या इमारतीत गॅसचा स्फोट झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ठिणगी कुठून पडली? कुणी दिव्याचे बटण दाबले, कुणी विडी पेटवली, कुठल्या मोटारीची चावी फिरली? पंचनाम्यापासून वाहिन्यांवरील चर्चेपर्यंत सारा शोध त्या एका क्षणाभोवती फिरतो. ज्वलनशास्त्र मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे वेगळेच सांगत आले आहे. ठिणगी आग लावते. ती आग भपकन पेटून विझणार, की आसपासच्या इमारती उद्ध्वस्त करणार, हे ज्योतीला पुढे कोणती वाट मिळते यावर बरेचसे ठरते. ही वाट माणसांनीच आखलेली असते आणि चौकशांमध्ये सर्वात कमी शाई तिच्यावरच खर्च होते.

बन्सफील्डमध्ये काय घडले?

११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. लंडनच्या वायव्येला हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड इंधन आगारात ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरले जात होते. पातळी दाखवणारे यंत्र अडकले होते आणि टाकी भरल्यावर पुरवठा बंद करणारी स्वतंत्र कळही चालली नाही. टाकी काठोकाठ भरून पेट्रोल बाहेर सांडू लागले. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल वाहून गेले. धबधब्यासारख्या कोसळणाऱ्या या पेट्रोलची वाफ थंड हवेत मिसळली आणि जमिनीलगत दाट धुक्यासारखा ढग पसरत गेला. वारा जवळपास नव्हताच. कॅमेऱ्यांनी हे ‘धुके’ आगाराच्या हद्दीबाहेर, वाहनतळांवर सरकताना टिपले आहे.

सहा वाजून गेले आणि स्फोट झाला. भूकंपमापकांवर त्याची नोंद २.४ रिश्टर इतकी झाली. २० हून अधिक टाक्या पेटल्या, आग काही दिवस धुमसत राहिली. ४३ जण जखमी झाले, मृत्यू एकही नाही. रविवारची पहाट असल्याने शेजारची औद्योगिक वसाहत ओस होती, एवढेच त्याचे कारण. हाच प्रकार सोमवारी सकाळी दहाला घडला असता तर बन्सफील्डचे नाव आज भोपाळच्या पंक्तीत घेतले गेले असते.

तज्ज्ञांना मात्र कोडे पडले ते वेगळ्याच कारणाने. उघड्यावर पसरलेला पेट्रोलच्या वाफेचा ढग पेटला तर दाब किती वाढेल, याची गणिते तेव्हा उपलब्ध होती. त्यानुसार वाहनतळासारख्या मोकळ्या जागी दाब वातावरणाच्या काही शतांशांनी वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तिथल्या मोटारी चेपल्या गेल्या होत्या आणि लोखंडी पेट्या आत दबल्या होत्या. नंतरच्या अभ्यासांत काही ठिकाणचा दाब २ बारहून अधिक, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा दुपटीने वाढल्याचे अनुमान निघाले. मोकळ्या आकाशाखाली हे घडले कसे?

भडका आणि डिटोनेशन यांत फरक काय?

गॅस आणि हवेचे मिश्रण दोन प्रकारे जळते. पहिला प्रकार नेहमीचा. ज्योतीची उष्णता शेजारच्या थंड थरात झिरपते, तो थर तापून पेटतो, मग त्याच्या पुढचा. ही रीत संथ आहे. शांत हवेत मिथेन किंवा एलपीजीची ज्योत मिश्रणाला सेकंदाला जेमतेम ४० ते ५० सेंटिमीटर वेगाने खात जाते. जळालेला वायू सात-आठ पट फुगतो आणि ज्योतीला मागून ढकलतो, त्यामुळे पाहणाऱ्याला ती सेकंदाला तीन-चार मीटर, म्हणजे सायकलच्या वेगाने येताना दिसते. उघड्यावर असा भडका माणसाला भाजू शकतो, पण भिंत पाडत नाही.

दुसरा प्रकार डिटोनेशनचा. इथे उष्णता झिरपण्याची वाटच पाहिली जात नाही. ध्वनीहून वेगवान आघातलहर मिश्रणाला क्षणात इतके दाबते की ते आपोआप पेट घेते आणि त्या ज्वलनाची ऊर्जा लहरीला पुढे रेटते. हवेतील बहुतेक इंधनवायूंसाठी हा वेग सेकंदाला सुमारे १,८०० मीटर असतो. एक किलोमीटरचा ढग अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतो. लहरीच्या तोंडाशी दाब वातावरणाच्या १५ ते १८ पट होतो आणि ती समोरच्या भिंतीवर आपटून परतताना आणखी वाढतो.

या फरकाचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. भडक्यात दाबाची वार्ता ज्योतीच्या पुढे धावते. म्हणून कारखान्यांत स्फोटाच्या वेळी उघडणारी झडपे आणि सहज उडून जाणारे पत्रे बसवतात, ते वेळेत उघडतात, दाब निसटतो. डिटोनेशनमध्ये वार्ता आणि वार एकाच वेळी पोहोचतात. झडप उघडायला अवधीच नसतो.

ज्योत वेग कसा घेते?

सायकलच्या वेगाने निघालेली ज्योत ध्वनीच्या पाचपट वेगापर्यंत कशी जाते, हा या शास्त्रातला सर्वात रंजक भाग आहे. ज्योतीमागचा फुगलेला वायू समोरच्या न जळालेल्या मिश्रणाला पुढे ढकलतो. म्हणजे ज्योत येण्याआधीच तिच्या पुढे वारा सुटलेला असतो. वाटेत काही नसेल तर हा वारा सरळ वाहतो. पण वाटेत पाइपांचे जाळे, खांब, जिने, मांडण्या किंवा झुडपे असतील तर प्रत्येक अडथळ्यामागे भोवरे उठतात. नदीच्या पात्रात खडकामागे पाणी घुसळते, तसेच. मागून येणारी ज्योत या घुसळलेल्या मिश्रणात शिरते आणि तिचा सपाट पडदा चुरगळतो. चुरगळलेल्या पडद्याचे क्षेत्रफळ वाढते, एकाच वेळी जास्त मिश्रण जळते, जास्त वायू फुगतो, समोरचा वारा अधिक जोरात सुटतो आणि पुढच्या अडथळ्यामागे आणखी मोठे भोवरे तयार होतात. चक्र सुरू झाले.

अडथळा आगीला अडवतो, ही सर्वसामान्य समजूत इथे उलटी पडते. अडथळाच तिला पळवतो. आणि ही वाट बोगद्यासारखी, नळीसारखी बंदिस्त असेल तर दाब बाजूंनी निसटत नाही, सारा जोर पुढे लागतो.

वेग सेकंदाला काहीशे मीटरवर गेला की ज्योतीच्या पुढे आघातलहरी जमू लागतात. त्या भिंतींवर आणि अडथळ्यांवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात, मिश्रणाला तापवतात. मग एखाद्या कोपऱ्यात, भिंतीलगत किंवा ज्योतीच्या घडीत लहानसा ठिपका स्वतःहून फुटतो आणि त्यातून डिटोनेशन जन्मते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे अँटोनी ओपनहाइम आणि पॉल उर्टिव्ह यांनी अतिवेगवान छायाचित्रांत हा क्षण पकडला. त्याला दिलेले ‘स्फोटातला स्फोट’ हे नाव आजही वापरात आहे. तो ठिपका नेमका कुठे आणि कोणत्या क्षणी फुटेल, हे महासंगणकांनाही आजवर खात्रीने सांगता आलेले नाही.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले?

खाणींमुळे. फ्रान्समधील कोळसा खाणींतल्या मिथेनच्या स्फोटांचा अभ्यास करताना १८८१ मध्ये मालार आणि ल शातलिए यांना नळीतील संथ ज्योत अचानक प्रचंड वेगवान लहरीत बदलताना दिसली. त्याच सुमारास बर्तलो आणि व्हिएय यांनी हायड्रोजन-ऑक्सिजन मिश्रणात ही लहर सेकंदाला सुमारे २.८ किलोमीटर वेगाने जाते, असे मोजून दाखवले. पुढे इंग्लंडमध्ये चॅपमन आणि फ्रान्समध्ये जुगे यांनी हा वेग मिश्रणात साठलेल्या ऊर्जेवरून काढता येतो हे सिद्ध केले. त्या समीकरणात ठिणगीच्या ताकदीला जागाच नाही. सुरुवात काडीने झाली काय किंवा विजेच्या लोळाने झाली काय, एकदा डिटोनेशन स्थिरावले की वेग तोच.

१९४० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ किरिल श्चोल्किन यांनी नळीच्या आतल्या बाजूने नुसती तारेची गुंडाळी बसवली आणि डिटोनेशन कितीतरी कमी अंतरात सुरू झाले. गॅस तोच, ठिणगी तीच, बदलला फक्त नळीचा खडबडीतपणा. हेच श्चोल्किन पुढे सोव्हिएत अण्वस्त्र प्रकल्पातील एक प्रमुख शास्त्रज्ञ झाले.

या प्रयोगाचा धडा कारखान्यांच्या पाइपलाइनमध्ये रोज लागू पडतो. ज्योत रोखण्यासाठी पाइपात बारीक जाळीसारखे ज्वालारोधक बसवतात. टाकीच्या तोंडाशी जो ज्वालारोधक नीट काम करतो, तोच लांब पाइपच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर निकामी ठरू शकतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत ज्योतीने वेग घेतलेला असतो. तिथे डिटोनेशन सोसणारा वेगळ्या बनावटीचा रोधक लागतो. खरेदीच्या यादीत दोघांचे नाव सारखेच दिसते, किमतीत मात्र फरक असतो. कंत्राटे सर्वात कमी बोलीवर दिली जातात तेव्हा या फरकाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

बन्सफील्डचा ठपका झाडांवर कसा आला?

आगाराला लागून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने झाडे आणि दाट झुडपे होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक अभ्यासाने अनुमान काढले की पंपघराच्या परिसरात पेटलेली ज्योत या झाडोऱ्यात शिरली, फांद्यांच्या जाळीतून वेग घेत गेली आणि तिचे डिटोनेशनमध्ये रूपांतर झाले असावे. त्यानंतर इंग्लंडमध्ये खऱ्या झाडांच्या रांगा उभ्या करून प्रोपेन आणि हवेच्या मिश्रणात मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. ज्योत झाडांमधून खरोखरच वेग घेत गेली.

सर्वच तज्ज्ञांना हे मान्य नाही. ढगाच्या मोठ्या भागात डिटोनेशन झालेच नाही, ज्योत थांबत-उसळत पुढे गेली, असे मानणारा गटही आहे आणि त्याचे मुद्दे टाकाऊ नाहीत. पण दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर एकमत आहे : एवढी हानी सपाट, मोकळ्या जागेवरच्या साध्या भडक्याने होत नाही.

भारतात असे घडले आहे का?

२९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात पाइपलाइनची जोडणी सुरू असताना पेट्रोलचा फवारा उडाला. झडप बंद करायला गेलेले कर्मचारी वाफेने गुदमरले. सुमारे सव्वा तास गळती सुरूच राहिली आणि हजार टनांच्या आसपास पेट्रोल बाहेर आले. वारा नव्हता. मग स्फोट झाला, ११ जणांचा बळी गेला आणि आग जवळपास ११ दिवस जळत राहिली.

बन्सफील्डचा अभ्यास केलेल्या तज्ज्ञांनी जयपूरच्या खुणाही तपासल्या. आगारातले खांब आणि झाडे कोणत्या बाजूला वाकली, हे पाहिले गेले. डिटोनेशन गेलेल्या भागात वस्तू लहरीच्या दिशेने न वाकता उलट तिच्या उगमाकडे झुकलेल्या सापडतात. ढगाच्या आत असलेल्या वस्तूंवर लहरीमागच्या उलट्या प्रवाहाचा एकूण रेटा जास्त ठरतो, म्हणून. जयपूरच्या खुणा डिटोनेशनशी जुळल्या. एम. बी. लाल समितीने दुरून बंद करता येणाऱ्या झडपांपासून कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणापर्यंत अनेक शिफारशी केल्या. ठिणगीबाबत मात्र समितीच्या हातीही शक्यताच लागल्या, आणि त्याने काही बिघडले नाही. हजार टन पेट्रोलची वाफ पसरल्यावर ठिणगी कुठून तरी मिळतेच. विजेचा दिवा, वाहन, शीतकपाट, स्थिर विद्युत यांपैकी काहीही पुरते. हायड्रोकार्बन वायू पेटायला मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याइतकी ऊर्जा लागते, नायलॉनचा सदरा काढताना होणारी चटचट त्याहून जोरकस असू शकते.

मग चौकशी ठिणगीतच का अडकते?

कारण ठिणगीला चेहरा असतो. बटण दाबणारा वॉचमन, मोटार सुरू करणारा चालक, वेल्डिंग करणारा कंत्राटी कामगार यांच्यावर गुन्हा दाखल करता येतो. पाइपांची गर्दी, दोन युनिटांमधले अपुरे अंतर, नंतर चढवलेली शेड यांना चेहरा नसतो. असलाच तर तो आराखड्यावर सही करणाऱ्याचा असतो आणि तिथवर तपास क्वचितच पोहोचतो. नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात नोव्हेंबर १९९० मध्ये गळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक जण दगावले. महाराष्ट्राच्या स्मृतीत त्या दुर्घटनेतून ज्योतीच्या वाटेबद्दलचा धडा म्हणून काय उरले, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाईल.

सुरक्षित अंतरांचाही फेरविचार हवा. ही अंतरे साधारणपणे टाकीपासून मोजली जातात. बन्सफील्डने दाखवले की ढग हद्दीबाहेर सरकतो आणि सर्वात मोठा दणका टाकीपासून दूर, जिथे झाडी वा बांधकामाची दाटी असेल तिथे बसू शकतो. धोका टाकीपाशी सुरू होतो, पण तिथेच थांबत नाही. मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांची वसाहत उभी राहिली. त्यावरची चर्चा प्रामुख्याने हवेच्या प्रदूषणाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण वाराविरहित रात्री जमिनीलगत सरकणाऱ्या ढगाचा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

हरितपट्ट्याचा मुद्दा सर्वात अडचणीचा. उद्योगांना पर्यावरण मंजुरी देताना सर्वसाधारणपणे ३३ टक्के हरितपट्ट्याची अट असते आणि धूळ, आवाज, उष्णता यांसाठी ती योग्यच आहे. पेट्रोलच्या टाक्यांना लागून जमिनीपासून दाट वाढणारे कुंपण मात्र श्चोल्किनच्या गुंडाळीचे काम करू शकते. झाडे तोडा, असा याचा अर्थ नाही. कुठे, किती विरळ आणि बुंध्यापासून किती उंचीवर फांद्या ठेवून लावायची, हे अग्निसुरक्षेच्या जाणकारांना विचारून ठरवावे, इतकाच आहे. पर्यावरण मंजुरी देणारी यंत्रणा एक आणि इंधनसाठ्याला परवाना देणारी, नागपुरात मुख्यालय असलेली ‘पेसो’ दुसरी. दोन्ही फायली एका टेबलावर आल्याशिवाय हे होणार नाही.

घरातल्या गॅसचे काय?

घरातील स्फोट बहुधा भडक्याच्या पातळीवरच राहतात, पण बंद खोलीत तेही पुरते. विटांची साधी भिंत वातावरणीय दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या वाढीनेही कोसळू शकते. बातमीत ‘सिलिंडरचा स्फोट’ असे येते, तेव्हा अनेकदा सिलिंडर शाबूत असतो, फुटलेली असते ती खोली. एलपीजी हवेत २ टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेटू शकतो. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघराला त्यासाठी सव्वा किलो गॅस पुरतो, आणि सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. गॅस जड असल्याने तळाशी साचतो आणि दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत जातो. अशा वेळी स्वयंपाकघरात पेटलेली ज्योत दारातून झोतासारखी घुसते आणि दुसऱ्या खोलीतला स्फोट पहिलीपेक्षा जबर होतो. म्हणून वास आला की बटणांना हात न लावता खिडक्या-दारे उघडणे, रेग्युलेटर बंद करणे आणि बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवणे, हा क्रम आहे.

हायड्रोजनच्या बाबतीत घाई का नको?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवून. पुण्यात २०२२ मध्ये देशी बनावटीची हायड्रोजन बस दाखवलीही गेली. इंधन म्हणून हायड्रोजन स्वच्छ आहे, यात वाद नाही. मात्र त्याची ज्योत मुळातच एलपीजीच्या सहा-सात पट वेगाने मिश्रण खाते. तो हवेत ४ ते ७५ टक्के अशा प्रचंड पट्ट्यात पेटतो आणि पेटायला लागणारी ऊर्जा हायड्रोकार्बनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. डिटोनेशनच्या लहरीला टिकून राहायला किती ऐसपैस जागा लागते, याचे माप तिच्या अंगावरच्या जाळीदार नक्षीवरून घेतात. मिथेनमध्ये या नक्षीचे एक घर सुमारे ३० सेंटिमीटरचे असते, हायड्रोजनमध्ये सेंटिमीटरभराचे. म्हणजे मिथेनच्या डिटोनेशनला दालन लागते, हायड्रोजनला पाइपही चालतो.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुभट्टीत १९७९ मध्ये हायड्रोजन पेटला. दाब वातावरणाच्या जवळपास दुपटीने वाढला, पण काँक्रीटचे कवच टिकले. जपानमध्ये फुकुशिमात २०११ मध्ये हायड्रोजनच्याच स्फोटांनी अणुभट्टीच्या इमारतींचे वरचे मजले उडाले. फरक वायूच्या प्रमाणाचा होता, इमारतींच्या ताकदीचा होता आणि ज्योतीला मिळालेल्या जागेचाही.

हायड्रोजनची जमेची बाजू म्हणजे तो हलका असतो. उघड्यावर गळला तर झपाट्याने वर निघून जातो, पेट्रोलच्या वाफेसारखा जमिनीलगत रेंगाळत नाही. हा फायदा छताखाली संपतो. राज्यातले बसडेपो पत्र्याच्या शेडचे आहेत. तुळया, दिव्यांच्या पट्ट्या, केबलचे ट्रे आणि पंखे यांची गर्दी नेमकी छताखाली, गळलेला हायड्रोजन जिथे साचेल तिथेच असते. हायड्रोजन बससाठी निविदा निघतील तेव्हा बसच्या टाकीची चाचणी कागदोपत्री चोख असेल. शेडच्या माथ्यावर सलग वायुवीजनाची फट आहे का, तुळया कशा बसवल्या आहेत आणि छताला गळतीसूचक लावले आहेत का, हे प्रश्न निविदेत असायला हवेत. बस डेपोत येण्याआधी शेड बदलणे स्वस्त पडते.